आत्याने वाटलेले ठोकळे

पूल वर जायला लागला की रस्त्यावरच्या लोकांचा पाराही वर जातो. फाटक पडतं, लाल दिवा लागतो आणि पहिल्या गाडीतला माणूस काच खाली करून मलाच विचारतो, "आत्ताच उचलायचा होता का?" जसा काही मी केबिनमध्ये बसून खास त्याच्याच गाडीची वाट बघत होतो. होडीला ब्रेक नसतो, पाण्याला थांब म्हणता येत नाही, म्हणून नदीवरून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा नियम पूल बांधला तेव्हापासून आहे. पूर्वी मी हे समजावून सांगायचो. आता नुसता हात हलवतो.

पण रस्त्यावरच्या लोकांचं काय घेऊन बसायचं! ते पाच-दहा मिनिटांत निघून जातात. माझा खरा छळ पुलाच्या पायथ्याशी मुक्काम ठोकून आहे. ती माझी आत्या. माझ्याआधी हा पूल ती चालवायची, आणि निवृत्त झाली तरी तिने तो सोडलेला नाही. पूल सांभाळणाऱ्या विभागाने तिला तिचं क्वार्टर राहू दिलंय, मनोऱ्याला चिकटून असलेल्या दोन खोल्या. त्या खोल्यांची खिडकी बरोबर माझ्या केबिनखाली उघडते. "उशीर केलास!" असं त्या खिडकीतून येतं. दुसऱ्या खेपेला मी लवकर करतो, तर "एवढी घाई कसली?" मग ब्रेक सोडताना हिसका का दिला, भोंगा अर्धवट का वाजवला, केबिनची काच कधी पुसणार. गावात तिला सगळे पूलवाली म्हणतात. मला अजून कुणी पूलवाला म्हणत नाही. मी पूलवालीचा भाचा.

तिच्याकडे पूल कसा आला, ते सांगायला हवं. नदीच्या वरच्या अंगाला होड्या बांधायची जुनी गोदी आहे आणि खाली दोन्ही काठांवर बाजार. बाजारवाल्यांना पूल हवा होता. ठेंगणा पूल बांधला तर गोदीतल्या उंच डोलकाठीच्या होड्या अडकणार, आणि उंच बांधला तर त्याचे चढ निम्म्या बाजारातून जाणार. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडल्या. शेवटी मधला रस्ता उचलता येईल असा पूल ठरला, आणि त्याच्यावर दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या. सुरुवातीला तो हाताने फिरवायच्या चरकावर चालायचा, चरकाला जोर लावायला सात-आठ माणसं लागायची. मग मोटर आली आणि तिच्याजवळ बसायला एकच माणूस उरला. तो माझा आजा. आज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा होडी किती लांब आहे ते आत्या सांगायची आणि मोटरीचा दांडा तो ओढायचा. काही दिवसांनी दांडाही आत्याच ओढायला लागली. विभागाला हे बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं तोवर तिच्याइतका सरावाचा दुसरा कोणी उरला नव्हता, म्हणून त्यांनी तिलाच नोकरीत घेतलं. माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यांना उंचीची भीती नव्हती, ते मनोऱ्यावर चढून चाकांना आणि तारांना वंगण लावायचे.

या पुलाची गंमत अशी, की तो उचलायला ताकद लागत नाही. दोन काठांवर दोन मनोरे आहेत. मधल्या रस्त्याच्या चारही कोपऱ्यांना तारांचे जाड दोर बांधलेत. ते मनोऱ्याच्या डोक्यावरच्या चाकांवरून पलीकडे उतरतात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला वजनाच्या पेट्या लोंबतात. रस्ता जितका जड, तितक्याच पेट्या जड. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे भरलेल्या बादल्या लावल्या, तर एकीला बोट लावलं की दुसरी वर येईल, तसंच हे. रस्ता वर गेला की पेट्या खाली येतात, पार माझ्या केबिनसमोरच्या जिन्याशी. म्हणून एवढा थोरला रस्ता उचलायला पिठाच्या गिरणीला लागते तेवढी मोटर पुरते.

"पूल आपण उचलत नाही रे," आत्या मला शिकवताना म्हणायची. "तो निघायला तयारच असतो. आपण नुसतं हो म्हणायचं."

हे ऐकायला छान वाटतं. पण हो म्हणायला वजन जुळलेलं असावं लागतं, आणि ते बिघडवलं खुद्द आत्यानेच. हे तिच्यासमोर म्हणायची सोय नाही. म्हणून इथे म्हणतो.

आत्याला पडून राहिलेली वस्तू बघवत नाही. तुटक्या दोरखंडाचं तिने पायपुसणं केलं, फुटक्या सिग्नलच्या भिंगाचा कागदावर ठेवायचा दाब केला, पुलाचा जुना भोंगा उलटा करून त्यात तुळशीसारखं काहीतरी लावलं, ते जगलं नाही. तर झालं असं, की पूर्वी रस्त्याला लाकडी फळ्या होत्या. त्या काढून विभागाने लोखंडी जाळी बसवली. रस्ता हलका झाला, पेट्या जड ठरल्या, आणि पूल खाली आला तरी जागेवर टेकेना. हट्टी पोरासारखा वीतभर अधांतरी राहायचा. मग पेट्यांतले लोखंडी ठोकळे काढावे लागले. एकेक ठोकळा एवढा वजनदार, की एकट्याने उचलला तर पुढचे दोन दिवस कंबर धरून हिंडायचं. बरेचसे गोदामात गेले. उरलेले मनोऱ्याखाली पडून राहिले. आणि पडून राहिले म्हटल्यावर आत्याच्या जिवाची तगमग सुरू झाली.

तिने ते वाटले. ज्याची अडचण दिसेल त्याला ठोकळा. न्हाव्याची खुर्ची मागे कलंडायची, त्याला एक. शाळेचं फाटक वाऱ्याने आपटायचं, तिथे दोन. गोदीतल्या सुताराला सरस लावलेल्या फळ्या दाबून ठेवायला चार. इस्त्रीवाल्याला, छापखान्याला, लायब्ररीच्या पायरीला. लोक तिला दुवा देत होते. विभागालाही त्याचं काही वाटलं नाही, कारण आवार स्वच्छ झालं.

बरीच वर्षं गेली. आत्या निवृत्त झाली, मी आलो. मग त्या जाळीवरून सायकलवाले घसरतात अशा तक्रारी झाल्या आणि विभागाने जाळीवर काँक्रीटचा थर टाकला. गुळगुळीत, देखणा रस्ता झाला. फीत कापली, टाळ्या वाजल्या, मी दांडा ओढला. पूल हातभर उचलला, मोटरीने एक आवंढा गिळला आणि सगळं बंद पडलं. समोर पाहुण्यांना घेऊन आलेली होडी गोल गोल फिरत राहिली. खालून खिडकीतून आवाज आला, "हिसका दिलास ना परत!"

या वेळी हिसका नव्हता. विभागाची इंजिनिअर आली, तिने दोन दिवस मोजमाप केलं आणि मला नीट समजावलं. बाई शांत आणि चोख होती. थर टाकणाऱ्यांनी तिला विचारलंच नव्हतं. गोदामातले ठोकळे परत पेट्यांत घातले, तरी एका पेटीतली वरची ओळ अर्धी रिकामी राहत होती. आणि ओळ पूर्ण भरल्याशिवाय तिच्यावरची आडवी पट्टी आवळता येत नाही. पट्टी सैल राहिली तर पूल हलताना ठोकळे सरकणार.

"लाकूड ठोकू का मध्ये?" मी विचारलं.

"लाकूड सुकतं, मग ढिलं होतं."

"दगड?"

"तडकतो. शिवाय वजनही कमी पडतं. लोखंडच हवं, आणि याच मापाचं." ती म्हणाली, "नवे ओतून घ्यायला पुढचं वर्ष उजाडेल. या महिन्याअखेरपर्यंत जुने मिळाले तर ठीक. नाहीतर पूल तात्पुरता खालीच खिळवून ठेवावा लागेल."

तात्पुरता! आमच्याकडे पोस्टाजवळचा जिना तात्पुरता बंद आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून. पूल खिळवला की गोदी बसणार. मला कुठल्यातरी कचेरीत टेबलामागे बसवणार. आणि चालत्या पुलाचं म्हणून दिलेलं क्वार्टर आत्याला सोडावं लागणार. तिला दुसरं घर नाही. म्हणजे ती आमच्याकडे येणार, जिथे माझी आई राहते. बाबा गेले तेव्हापासून या दोघी नणंदा-भावजया एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. आई आत्याबद्दल बोलते तेव्हा "तुझी ती" म्हणते. आत्या आईबद्दल बोलतच नाही. या दोघी एका छपराखाली आणि त्यांच्या मध्ये मी! त्यापेक्षा मी स्वतः त्या पेटीत जाऊन बसलो असतो.

पण आत्याला घराची नव्हे, पुलाची काळजी होती. मी तिला बातमी दिली तेव्हा ती खिडकीत बसून होती. मग म्हणाली, "मी ते पडून राहू द्यायला हवे होते." एवढंच. तिच्या तोंडून असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून ठोकळे गोळा करायचं काम निघालं. हातगाडी मी ढकलायची आणि आत्या पुढे चालणार. कुणाला दिलं ते तिला पक्कं आठवत होतं, असं तिचं म्हणणं. न्हाव्याकडून आम्ही सरळ चांभाराकडे गेलो.

"तुला दोन दिले होते," आत्या म्हणाली.

"मला? पूलवाली, मला एक खिळा नाही दिला कधी."

"दिले होते. तुझ्या दुकानाच्या पायरीखाली."

"माझ्या दुकानाला पायरीच नाही हो!"

खरंच नव्हती. आत्याने ती पायरी नाही याबद्दलही त्याला दोन शब्द सुनावले. मग कळलं की ते दोन शेजारच्या किल्लीवाल्याकडे होते. त्याने त्यांची ऐरण केली होती, आणि ते द्यायला तो तयार होता, पण ऐरणीवाचून त्याने हातावर हात धरून बसायचं का? मी त्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणून दिला. शाळेच्या फाटकाला दगड. सुताराला शिकंजा. लायब्ररीची पायरी उकरायला अख्खी दुपार गेली आणि लायब्ररीवाल्या बाई सबंध वेळ माझ्या डोक्यावर उभ्या राहून "आवाज करू नका" म्हणत होत्या. इस्त्रीवाला म्हणाला, ठोकळा विकला. कुणाला? भंगारवाल्याला. भंगारवाला म्हणाला, पुलावर काम करणाऱ्यानेच कुणीतरी परत नेला. मला तिथेच त्या गाडीवर आडवं व्हावंसं वाटलं. तो नेणारा मी यायच्या आधीचा पुलाचा रंगारी निघाला, त्याच्या गच्चीवरच्या टाकीखाली तो सापडला. टाकी रिकामी करून ठोकळा काढेपर्यंत मी कंबरेपर्यंत भिजलो. आत्या खालून ओरडत होती, "डावीकडून धर! डावीकडून!"

अखेर एक सोडून सगळे जमले. वरच्या ओळीत एका ठोकळ्याची फट उरली. कुठला तो राहिला, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. म्हणूनच ती सगळ्या गावातून मला हिंडवत होती, पण त्या घराचं नाव काढत नव्हती. तो ठोकळा आमच्या घरी होता. आईच्या कपडे धुवायच्या मशीनखाली.

ही मशीन बाबांनी जुनी घेतलेली. न्हाणीघराची फरशी उतरती, त्यामुळे कपडे पिळायची वेळ आली की मशीन चालायला लागायची. अक्षरशः चालायची, दारापर्यंत यायची. बाबा म्हणायचे, "या रविवारी बघतो." रविवारी गोदीतल्या होड्या फिरायला निघतात, त्या दिवशी पुलावर सगळ्यात जास्त काम. तो रविवार काही यायचा नाही. आई आधी हसायची, मग चिडायची, मग मशीनला पाठ लावून उभी राहायला शिकली. आणि एका दुपारी बाबा जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्याच आठवड्यात आत्या हातगाडीवर लोखंडी ठोकळा घेऊन आमच्या दारात आली. घर माणसांनी भरलेलं. ती कुणाशी बोलली नाही, आईच्या जवळ बसली नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. सरळ न्हाणीघरात गेली, मशीन कलती करून ठोकळा खाली सरकवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता नाही चालणार ती." आणि निघून गेली. आईने हे कधी गिळलं नाही. "माझा नवरा गेला, आणि ही बाई मशीनचं बघतेय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मी आईला सगळं सांगितलं. पूल, ओळ, पट्टी, महिनाअखेर.

"दिलेली वस्तू परत मागतात का?" आई म्हणाली.

"अगं, पण पूल..."

"पुलाने माझे सगळे रविवार खाल्ले. एक ठोकळा माझ्याकडे राहिला तर काही बिघडत नाही."

"आई, नाहीतर आत्या इथे राहायला येईल."

आईने जरा विचार केला. हा मुद्दा तिला लागू पडला असावा. "मग येऊ दे तिला," ती म्हणाली. "राहायला नाही. मागायला. स्वतः येऊन माग म्हणावं."

मी हे आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, "मी का मागू? ठोकळा विभागाचा आहे." मी परत आईकडे. आई म्हणाली, "मग विभागाला येऊ दे." तीन दिवस मी या दोन घरांमध्ये हेलपाटे घातले. इकडे इंजिनिअरचा फोन, तिकडे गोदीवाल्यांचा तगादा. तिसऱ्या दिवशी माझा बांध फुटला. मी आत्याच्या दारात उभा राहून ओरडलो, की तुम्ही दोघी बसा आपापला ताठा कुरवाळत, मी उद्या जाऊन स्वतःच्या हाताने पूल खिळवतो. आत्याने माझ्याकडे बघितलं, पायात चपला घातल्या आणि चालू लागली.

आईने दार उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना. मला वाटलं, आता काय ते आकाश कोसळेल.

"तो ठोकळा त्याने निवडला होता," आत्या म्हणाली. तिने नमस्कार केला नाही, कशी आहेस विचारलं नाही. "सगळ्या गावाला वाटून झाले आणि सख्ख्या भावाला द्यायचा राहिला. मला म्हणाला, ताई, मशीन फार चालतेय, हा बाजूला ठेव, रविवारी नेतो. मी ठेवला. त्याचं तेवढंच राहिलेलं काम मला माहीत होतं. रडत बसायचं की ते करायचं? मला रडता येत नाही गं लोकांत. मला तेवढंच आणता आलं."

आई म्हणाली, "हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे?"

"मी विचारायचं? नवरा माझा गेला होता!"

"आणि माझा भाऊ काय गावाला गेला होता?"

झालं. मी डोक्याला हात लावला. पण दोघी रडत होत्या, आणि भांडतही होत्या, आणि भांडत भांडतच न्हाणीघरात गेल्या. मी ठोकळा बाहेर ओढला. त्याच्या एका अंगावर साबणाच्या पाण्याचा पांढरा थर चढलेला, तो खरवडूनही निघेना. आत मशीनमध्ये कपडे होते. आईने, खात्री करायला म्हणून की काय, मशीन लावली. पिळायची वेळ आली तशी ती थरथरली आणि दाराकडे निघाली. दोघी म्हाताऱ्यांनी तिला दोन बाजूंनी धरलं आणि कपडे पिळून होईपर्यंत सोडलं नाही. "डावीकडून धर, वहिनी," आत्या म्हणत होती. आईने डावीकडून धरलं.

ठोकळा बसला, पट्टी आवळली, इंजिनिअरने तपासून मान हलवली. मी दांडा ओढला. पूल एका दमात वर गेला. महिनाअखेर टळली, गोदी राहिली, आत्याचं क्वार्टर राहिलं आणि तिची ती खिडकीही राहिली. माझ्या नशिबात सुटका नाही.

उलट आता भर पडली आहे. बाबा गेल्यापासून आई पुलाकडे फिरकली नव्हती. आता दर रविवारी येते. होडीचा भोंगा ऐकला की फाटक पडायच्या आधी आत घुसते आणि जिन्याशी उभी राहते. किती वेळा सांगितलं, तिथे उभं राहायला मनाई आहे. ऐकते कोण! रस्ता वर जातो, तारा कुरकुरतात, आणि वरून पेटी उतरत उतरत तिच्या तोंडासमोर येऊन थांबते. वरच्या ओळीत, पांढऱ्या डागाचा तो ठोकळा. गेल्या रविवारी तिने पेटीच्या गजांतून हात घालून तो रुमालाने पुसला.

"आलात?" ती त्याला म्हणाली. "मशीनचं झालं हो. तुमच्या मुलाने नवी आणली."

होडी केव्हाच निघून गेली होती. फाटकापलीकडे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. कोणीतरी काच खाली करून ओरडत होतं. मी दांड्यावर हात ठेवला आणि खालच्या खिडकीकडे कान लावला, की आता येईल, "उशीर केलास!"

"थांब जरा," खिडकीतून आत्या म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ दे."

मी दांड्यावरचा हात काढला आणि रस्त्यावरच्या लोकांना नुसता हलवून दाखवला.